प्रवाळाचा सांगाडा कसा घडतो

सोलापूर जिल्हा समुद्रापासून दूर आहे. तरीही समुद्राने घडविलेल्या वस्तू येथील घराघरांत आढळतात. देवघरात शंख असतो, तुळजापूरच्या भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते आणि मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर क्वचित तांबडे पोवळेही ओवलेले असते. शंख व कवडी ही कोणा प्राण्याची कवचे आहेत, हे मुलांना लवकर पटते. कारण त्यांच्या पोकळीत एखादा जीव राहत असेल अशी कल्पना करणे अवघड नसते. पोवळ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. ते भरीव असते, फांदीसारखे वाढते आणि हातात घेतल्यास दगडासारखे लागते. म्हणून ‘प्रवाळ म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गात विचारल्यास कोणी ‘दगड’ म्हणतो, कोणी ‘समुद्रातील झाड’ म्हणतो, तर कोणी ‘घर बांधणारे किडे’ असे सांगतो.

या तीनही उत्तरांत थोडे तथ्य आहे आणि तीनही चुकीची आहेत. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याच्या शरीरात वनस्पतिसदृश सूक्ष्म जीव राहतात, आणि त्याचा सांगाडा चुनखडीचा असतो. हे तिन्ही धागे एकत्र कसे गुंफले जातात, हे समजल्याशिवाय प्रवाळाचा पाठ म्हणजे केवळ नावांची यादी होऊन बसतो. प्रस्तुत लेखात प्रवाळाचा सांगाडा कसा घडतो याचे विवेचन केले असून, ते खेड्यातील शाळेत कोणत्या साधनांनी दाखविता येईल हेही शेवटी सांगितले आहे.

१. झाड की प्राणी?

हा प्रश्न केवळ मुलांनाच पडलेला नाही. १७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन संशोधकाने समुद्रातून नुकतेच काढलेले तांबडे पोवळे समुद्राच्या पाण्यातच ठेवून पाहिले, तेव्हा त्याच्या फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली दिसली. पोवळे ही वनस्पतीच आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे १७२० नंतरच्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने त्याच फुलांचे अधिक बारकाईने निरीक्षण केले. ती स्पर्श होताच आक्रसतात, असे त्याला आढळले. ही फुले नसून लहान प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळविले. तेथील थोर शास्त्रज्ञ रेओम्युर याला हे इतके अशक्य वाटले की, पेसोनेलची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून त्याने त्याचे नावही उच्चारले नाही. १७४० च्या सुमारास ट्रेम्ब्ले याने गोड्या पाण्यातील हायड्राचे प्रयोग प्रसिद्ध केले. तेव्हा झाडासारखा दिसणारा प्राणी असू शकतो हे सर्वांस मान्य झाले आणि पेसोनेलचे म्हणणे खरे ठरले.

प्रवाळ हा हायड्राचाच दूरचा नातलग आहे. प्रवाळाच्या एका घटक प्राण्यास पॉलिप म्हणतात. पॉलिपचे शरीर लहानशा मऊ पिशवीसारखे असते. पिशवीच्या वरच्या टोकास तोंड असून त्याभोवती संस्पर्शकांचे कडे असते. संस्पर्शकांवर दंश करणाऱ्या पेशी असतात व त्यांच्या साहाय्याने तो पाण्यातील सूक्ष्म जीव पकडतो. पिशवीचा तळ मात्र एका जागी चिकटलेला असतो. बहुतेक प्रवाळांचे पॉलिप काही मिलिमीटर रुंदीचेच असतात. पण एका पॉलिपला कळ्या फुटून दुसरा, तिसरा असे करीत हजारो पॉलिपची वसाहत तयार होते आणि त्या सर्वांची शरीरे पातळ पडद्याने एकमेकांस जोडलेली राहतात. जुन्या पुस्तकांतून ‘प्रवाळकीटक’ असा शब्द येई. परंतु कीटकांना सहा पाय व खंडयुक्त शरीर असते. पॉलिपला यांपैकी काहीच नसते. म्हणून तो शब्द वर्गात टाळणे बरे.

२. सांगाड्याचे द्रव्य

प्रवाळाचा सांगाडा ज्या द्रव्याचा असतो, ते द्रव्य सोलापूरकरांच्या पायाखालीच आहे. जिल्ह्यातील काळ्या व भुरकट जमिनीत नांगर चालला की जागोजाग पांढरट खडे वर येतात. त्यांना आपण चुनखडी म्हणतो. हेच कॅल्सियम कार्बोनेट होय. शंख, कवडी, अंड्याचे टरफल आणि प्रवाळाचा सांगाडा ही सर्व मुख्यतः याच द्रव्याची बनलेली असतात. येथे चुना आणि चुनखडी यांतील भेद लक्षात ठेवला पाहिजे. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे कळीचा चुना मिळतो आणि तो पाण्यात विरवला म्हणजे खाण्याचा चुना होतो. प्रवाळ चुना करीत नाही. तो चुनखडी करतो.

परंतु समुद्राच्या पाण्यात चुनखडीचे खडे तरंगत नसतात. मग प्रवाळास ती मिळते कोठून? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी पातेल्यात रोज तापविले, तर काही दिवसांनी पातेल्याच्या आत पांढरा कठीण थर बसतो. पाणी भरताना ते निर्मळ दिसत होते, तरी त्यात कॅल्सियम विरघळलेला होता. तो पाण्यात बायकार्बोनेटच्या जोडीने असतो आणि या रूपात तो डोळ्यांस दिसत नाही. पाणी तापले म्हणजे त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि कॅल्सियम कार्बोनेट पाण्याबाहेर पडून भांड्यास चिकटते. पातेल्यातील हा थर म्हणजे चुलीने बनविलेली चुनखडी होय.

समुद्राच्या प्रत्येक लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्सियम विरघळलेला असतो. बायकार्बोनेटही भरपूर असते. म्हणजे बांधकामाचा माल समुद्रात सर्वत्र पडून आहे. तो पाण्याबाहेर काढण्याची युक्ती मात्र हवी.

३. चुलीवाचून चुनखडी

पातेल्यात जे काम आच करते, ते काम प्रवाळ आचेवाचून करतो. पॉलिपच्या तळाच्या कातडीत पेशींचा एक पातळ थर असतो. हा थर आणि खालचा जुना सांगाडा यांच्यामध्ये केसाच्या जाडीहूनही अरुंद अशी एक फट असते व तीत थोडेसे द्रव असते. सर्व बांधकाम या फटीत चालते. बाहेरच्या समुद्रात जे सहजासहजी घडत नाही, ते या बंदिस्त जागेत प्रवाळ घडवून आणतो.

ते कसे, हे तीन पायऱ्यांनी समजून घेता येते. पहिली पायरी म्हणजे माल आणणे. तळाच्या पेशी कॅल्सियम फटीत पोहोचवितात. बायकार्बोनेट अंशतः समुद्राच्या पाण्यातून आणि अंशतः प्रवाळाच्या स्वतःच्या श्वसनातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपासून मिळते. म्हणजे जो वायू आपण उच्छ्वासावाटे टाकून देतो, त्याचाच काही भाग प्रवाळ आपल्या सांगाड्यात घालतो.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. कॅल्सियम आणि बायकार्बोनेट यांचा संयोग होऊन चुनखडीचा कण बनला की, प्रत्येक वेळी थोडेसे आम्ल मोकळे होते. हे आम्ल फटीतच साचले, तर नवी चुनखडी बनणे थांबेल, इतकेच नव्हे तर बनलेलीही विरघळू लागेल. म्हणून पेशी हे आम्ल सतत बाहेर उपसत असतात. विहिरीचे काम चालू असताना झऱ्याचे पाणी सारखे उपसावे लागते, उपसा थांबला की काम थांबते, तसाच हा प्रकार आहे. पेशींच्या आवरणातील सूक्ष्म पंप कॅल्सियमचा एक कण आत घेतात व त्याच्या बदल्यात आम्लाचे कण बाहेर टाकतात. त्यामुळे फटीतील द्रव बाहेरच्या समुद्रापेक्षा अधिक आम्लारिधर्मी राहते. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सामू’ हा शब्द असतो, तो शिक्षकांच्या परिचयाचा आहे. समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो, फटीतील द्रवाचा सामू त्याहून स्पष्टपणे जास्त असल्याचे मोजमापांत आढळले आहे. सामू वाढला की बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि चुनखडी पाण्याबाहेर पडू लागते.

तिसरी पायरी म्हणजे मालाला आकार देणे. फटीत प्रवाळ विशिष्ट प्रथिने व इतर सेंद्रिय द्रव्ये सोडतो. त्यांच्या आधाराने प्रथम अतिसूक्ष्म कण जमतात आणि त्या ठिकाणापासून सुईसारखे स्फटिक चहूकडे वाढत जातात. या स्फटिकरूपास ॲरागोनाइट म्हणतात. पातेल्यातील थर कसाही वेडावाकडा बसतो. प्रवाळाचा सांगाडा मात्र प्रत्येक जातीत ठरावीक नमुन्यानेच उभा राहतो, तो या आधारद्रव्यामुळे आणि तळाच्या कातडीला पडलेल्या घड्यांमुळे.

४. सांगाड्याची रचना

प्रवाळाचे जीवन समुद्रात पोहणाऱ्या अळीपासून सुरू होते. ही अळी योग्य खडक सापडताच त्यावर बसते, तिचे रूपांतर पॉलिपमध्ये होते आणि ती खाली चुनखडीची एक चकती घालते. ही सांगाड्याची जोती होय. नंतर चकतीच्या कडेने वाटीसारखी भिंत उभी राहते. वाटीच्या आत, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्याकडे जाणारे पातळ पडदे उभारले जातात. खडक बांधणाऱ्या प्रवाळांत हे पडदे साधारणतः सहाच्या पटीत असतात. पॉलिपचा मऊ देह या पडद्यांवर बसलेला असतो व संकट आले की वाटीत आक्रसून घेतो.

भिंत वाढली म्हणजे वाटी खोल होते आणि पॉलिप तळाशी अडकून पडेल की काय, असे वाटते. पण तसे होत नाही. भिंत जसजशी चढते तसतसा गवंडी परांची वर घेतो. त्याप्रमाणे पॉलिप आपला देह वर उचलतो आणि खाली चुनखडीचा नवा पातळ तळ घालून जुनी जागा बंद करतो. असे मजल्यावर मजले चढत जातात. म्हणून मोठ्या प्रवाळखडकात जिवंत भाग केवळ वरच्या काही मिलिमीटरांपुरताच असतो. खालचा सर्व भाग म्हणजे त्याच वसाहतीने पूर्वी बांधलेले व सोडून दिलेले मजले होत. आपली हाडे शरीराच्या आत असतात. प्रवाळाचा सांगाडा त्याच्या देहाखाली आणि देहाबाहेर असतो. हा भेद फळ्यावर दोन आकृत्या शेजारी काढून स्पष्ट करावा.

हे काम अतिशय मंद गतीने चालते. शाखायुक्त प्रवाळांच्या काही जाती वर्षाला १० सेंटिमीटर किंवा अधिक वाढतात. पण गोलसर, भरीव प्रवाळांची वाढ वर्षाकाठी सुमारे १ सेंटिमीटर एवढीच असते. इयत्ता चौथीतील मुलाच्या उंचीएवढा असा खडक तयार होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. झाडाच्या खोडात जशी वर्षागणिक वलये पडतात, तसे या सांगाड्यात दाट व विरळ थरांचे पट्टे पडतात. क्ष-किरणांनी घेतलेल्या छायाचित्रात ते दिसतात आणि हे पट्टे वार्षिक असतात, असे १९७२ साली सिद्ध झाले. तेव्हापासून जुन्या प्रवाळांचे पट्टे मोजून पूर्वीच्या समुद्राचे तापमान जाणण्याचे शास्त्र विकसित झाले आहे.

५. बांधकामाचा खर्च कोण देतो?

आम्ल उपसणे हे फुकट होणारे काम नव्हे. त्यास शक्ती लागते आणि शक्तीसाठी अन्न लागते. उष्ण कटिबंधातील निर्मळ समुद्रात सूक्ष्म जीवांचे भक्ष्य विरळच असते. मग एवढ्या प्रचंड बांधकामाचा खर्च निघतो कशातून? याचे उत्तर प्रवाळाच्या कातडीत दडलेले आहे. खडक बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवले राहतात. त्यांची संख्या एका चौरस सेंटिमीटरला लाखांत मोजावी लागते. प्रवाळाचा तपकिरी वा हिरवट रंग पुष्कळसा यांचाच असतो. ही शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा प्रवाळास देतात. प्रवाळ त्यांना निवारा देतो आणि आपल्या शरीरातील कार्बन डायऑक्साइड व नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये पुरवितो. शेतातील कडधान्याच्या मुळांवरील गाठी आणि त्यांतील जिवाणू यांचे उदाहरण मुलांना माहीत असते. ही सोयरीकही त्याच जातीची आहे.

१९५० नंतरच्या दशकात टॉमस गोरो या शास्त्रज्ञाने जमैका बेटावर किरणोत्सारी कॅल्सियम वापरून प्रवाळ किती वेगाने सांगाडा घालतो हे मोजले. उजेडात हा वेग अंधारातल्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो, असे त्याला आढळले. पुढील अनेक प्रयोगांचा मेळ घातला तर हे प्रमाण साधारणतः तिपटीच्या आसपास येते. म्हणजे पातेल्यात चुलीतील लाकूड जे करते, ते समुद्रात सूर्यप्रकाश करतो. फक्त तो शैवलाच्या व प्रवाळाच्या हातून करतो. या कारणाने खडक बांधणारे प्रवाळ उथळ, निर्मळ आणि उबदार पाण्यातच भरभराटतात. गढूळ पाण्यात उजेड पोहोचत नाही आणि गाळ पॉलिपवर बसतो.

दागिन्यांतील तांबडे पोवळे मात्र या नियमास अपवाद आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रात मिळणाऱ्या निराळ्या गटातील प्रवाळाचे असते. त्याच्या पॉलिपला आठ संस्पर्शक असतात, त्याच्या पेशींत अशी शैवले नसतात, ते अंधुक जागी अतिशय सावकाश वाढते आणि बेटे बांधीत नाही.

६. सांगाड्यापासून बेटापर्यंत

पिढ्यान् पिढ्यांचे सांगाडे एकावर एक रचले जातात, त्यांच्या फटींत वाळू व शिंपल्यांचा चुरा भरतो, चुनखडीयुक्त शैवले त्यांना सांधतात आणि त्यातून प्रवाळभित्ती तयार होते. भारतात अशा प्रवाळभित्ती कच्छचे आखात, मन्नारचे आखात, अंदमान व निकोबार आणि लक्षद्वीप येथे आहेत. यांपैकी लक्षद्वीपची ३६ बेटे संपूर्णपणे प्रवाळनिर्मित आहेत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. पण त्या भूमीचा कण न् कण कधीकाळी कोणत्या तरी सजीवाच्या देहाचा भाग होता.

खोल समुद्राच्या मध्यभागी कड्यासारखी गोल प्रवाळबेटे कशी उभी राहिली, याची उपपत्ती चार्ल्स डार्विन याने १८४२ साली मांडली. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या काठावरील प्रवाळ प्रकाशात राहण्यासाठी त्याच वेगाने वर वाढत जातात. अखेर मधले बेट बुडते आणि प्रवाळाचे कडे उरते, असे त्याचे म्हणणे होते. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक बेटावर बोअर घेण्यात आले. सुमारे १,४०० मीटरपर्यंत उथळ पाण्यातील चुनखडीच लागली आणि तिच्याखाली काळा ज्वालामुखीय खडक लागला. डार्विनचे अनुमान एकशे दहा वर्षांनी खरे ठरले.

हा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. सोलापूर जिल्ह्यात विहीर खणताना जो काळा कातळ लागतो, तोही बेसाल्टच होय. दख्खनचे हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत. ज्या तप्त स्थानातून हा लाव्हा वर आला, त्याच स्थानाने पुढे समुद्रतळावर एक लांब कटक निर्माण केला व लक्षद्वीपची प्रवाळबेटे त्याच कटकावर उभी आहेत, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा सोलापूरची जमीन आणि लक्षद्वीपचा पाया यांचे नाते सांगून भूगोलाचा पाठ व विज्ञानाचा पाठ एकत्र जोडता येतो.

७. महाराष्ट्राच्या समुद्रातील प्रवाळ

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लक्षद्वीपसारखी विस्तीर्ण प्रवाळभित्ती नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्या समुद्रात गोडे पाणी आणि गाळ ओततात, आणि हे दोन्ही प्रवाळास मानवत नाही. तरीही सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ, शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर उभारलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. ते बहुतांशी गोलसर व भरीव जातींचे असून गढूळ पाणी काही प्रमाणात सोसू शकतात. १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. याखेरीज विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर ‘आंग्रिया बँक’ नावाचे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरवर असून तेथे पाणी निर्मळ असल्याने प्रवाळांची समृद्ध वसाहत आहे. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव या पठारास लाभले आहे.

८. बांधकाम थांबते तेव्हा

सांगाडा कसा घडतो हे एकदा समजले की, तो घडणे का थांबते हेही आपोआप समजते. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा केवळ १ अंश सेल्सिअसने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ व शैवल यांची सोयरीक तुटते. शैवले प्रवाळाच्या शरीरातून बाहेर पडतात आणि पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यास विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवले परत वाढतात. न निवल्यास पॉलिप मरतात आणि सांगाडा ओसाड पडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. मालवणच्या प्रवाळांतही २०१५ च्या सुमारास विरंजनाची नोंद झाली आहे. दोन संकटांमधील काळ कमी होत गेला, तर वर्षाला एक सेंटिमीटर वाढणाऱ्या प्राण्यास सावरण्यास अवधी मिळत नाही.

दुसरे संकट डोळ्यांस दिसत नाही. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग समुद्र शोषून घेतो. त्यामुळे औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे. हा आकडा लहान वाटतो. पण सामूच्या मोजणीची रीत अशी आहे की, त्याचा अर्थ आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली असा होतो. बाहेरच्या पाण्यात आम्ल वाढले की फटीतील आम्ल बाहेर उपसणे अधिक कष्टाचे होते. विहिरीत झरा वाढावा आणि उपसणाऱ्याची भाकरी मात्र कमी व्हावी, अशी प्रवाळाची दुहेरी कोंडी होते.

९. वर्गात करावयाचे प्रयोग

समुद्र वर्गात आणता येत नाही. पण सांगाड्यामागील रसायनशास्त्र आणता येते. पुढील तीन प्रयोगांस गावातच मिळणारे साहित्य पुरते.

(अ) चुनखडीची ओळख : शेतातील चुनखडीचा खडा, अंड्याचे टरफल व शिंपला किंवा गोगलगाईचे कवच वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून त्यांवर लिंबाचा रस अथवा व्हिनेगर घालावे. तिन्हींवर बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड वायू होय. तिन्ही पदार्थ एकाच द्रव्याचे आहेत, हे यावरून मुलांना कळेल. फळ्यावरील खडू यासाठी घेऊ नये. आजचे पुष्कळसे खडू जिप्समचे असल्याने त्यांवर बुडबुडे येत नाहीत. मुलांनी घरातील पोवळ्यावर किंवा मोत्यावर हा प्रयोग करू नये, अशी ताकीद आधीच द्यावी.

(आ) दिसणारी व न दिसणारी चुनखडी : थोडा खाण्याचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा व वरची निवळी गाळून काचेच्या पेल्यात घ्यावी. तीत नळीने हळूहळू फुंकावे. प्रथम निवळी दुधासारखी होते. ही नव्याने बनलेली चुनखडी. तसेच बराच वेळ फुंकत राहिल्यास दुधाळपणा कमी होऊन पाणी पुन्हा निर्मळ होऊ लागते. कारण जास्तीच्या वायूमुळे चुनखडीचे बायकार्बोनेट होऊन ती विरघळते. हे निर्मळ पाणी आता तापवावे. वायू निघून जातो व पाणी पुन्हा गढुळते. पहिल्या बदलात चुनखडी बनते, दुसऱ्यात जास्त वायूने ती विरघळते, तिसऱ्यात वायू घालविल्याने ती परत मिळते. प्रवाळाचे काम आणि प्रवाळाचे संकट, दोन्ही या एका पेल्यात दिसतात. चुन्याची निवळी डोळ्यांस व तोंडास अपायकारक असल्याने हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा आणि नळीतून पाणी ओढले जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

(इ) पातेल्यातील थर : मुलांना घरच्या पाणी तापविण्याच्या भांड्यातील पांढऱ्या थराचा कपचा आणावयास सांगावे व त्यावर लिंबू पिळून पाहावे. कोणत्या विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याने थर अधिक बसतो, याची नोंद मुलांनी वहीत ठेवावी. त्यातून गावच्या पाण्याचाही अभ्यास होईल.

१०. सहलीसंबंधी सूचना

ज्या शाळांची सहल मालवणला जाते, त्यांच्या दृष्टीने हा पाठ विशेष उपयोगी आहे. जिवंत प्रवाळावर पाय ठेवला, तर वरचा काही मिलिमीटरांचा जिवंत थर चिरडतो आणि जे शंभर वर्षांत उभे राहिले त्याची वाढ त्या जागी क्षणात थांबते. होडीचा नांगर प्रवाळावर पडला तर पूर्ण वसाहतच मोडते. म्हणून ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर मुलांना मोकळे सोडू नये आणि पाण्याखालील दृश्य पाहताना कशालाही हात लावू देऊ नये. खडक बांधणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांनाही आहे. तेव्हा शाळेच्या संग्रहासाठीसुद्धा प्रवाळाचा तुकडा उचलू नये किंवा विकत घेऊ नये. संग्रहात शेतातील चुनखडी, पातेल्यातील थर, अंड्याचे टरफल व गोगलगाईचे कवच ही चार ठेवून त्यांशेजारी प्रवाळाचे चित्र लावावे. प्रवाळ समजण्यास तेवढे पुरेसे आहे.

मुलांना विचारावयाचे प्रश्न

१. पातेल्यातील थर आणि प्रवाळाचा सांगाडा यांत कोणते साम्य आहे व कोणता भेद आहे?
२. प्रवाळाने आम्ल बाहेर उपसणे थांबविले तर काय होईल?
३. रात्रीपेक्षा दिवसा सांगाडा जलद का वाढतो?
४. मोठ्या नदीच्या मुखाजवळ प्रवाळभित्ती सहसा का आढळत नाहीत?
५. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला असतो काय? कारण सांगा.
६. दीड मीटर उंचीचा गोलसर प्रवाळखडक वर्षाला १ सेंटिमीटर वेगाने वाढला असेल, तर त्याचा पाया साधारण कोणत्या सालचा असेल? त्या सुमारास आपल्या गावात काय होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.